एकाच प्लॉटचे चार क्रमांक

नागपूरच्या प्रताप नगरात किंवा त्याला लागून असलेल्या त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर, खामला या भागांत ज्यांचे घर आहे, त्यांच्या कपाटातल्या फाइलमध्ये बहुधा चार वेगवेगळे क्रमांक सापडतील. घरटॅक्सच्या पावतीवर इंडेक्स नंबर असतो. विक्रीपत्रात मौजा, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर आणि ख.क्र. म्हणजे खसरा क्रमांक लिहिलेला असतो. त्याच विक्रीपत्रात पुढे गृहनिर्माण संस्थेच्या ले-आउटमधला प्लॉट क्रमांक येतो. नगर भूमापन झालेले असेल तर आखीव पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर असतो तो वेगळाच. जमीन एकच आणि चारही क्रमांक खरे. पण एका क्रमांकावरून दुसऱ्यापर्यंत जायचे कसे, हे सांगणारा तक्ता घरमालकाच्या हाती कोणी दिलेला नसतो. मालमत्ता कर आणि जमिनीच्या नोंदी सामान्य माणसाला समजत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. तिचे खापर कधी कागद गहाळ होण्यावर फुटते, कधी सरकारी भाषेवर, कधी कर्मचाऱ्यांच्या वृत्तीवर. माझ्या मते मूळ दुखणे दुसरेच आहे. नोंदी भरपूर आहेत, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्येक कार्यालयाने आपल्या गरजेचा एकच प्रश्न विचारला आणि त्याचेच उत्तर जपून ठेवले. आपण मात्र एका कागदाला दुसऱ्याच कागदाचा प्रश्न विचारतो, आणि तो जे सांगूच शकत नाही ते त्याने सांगितले असे धरून चालतो.

हे असे का झाले, ते नागपूरच्या इतिहासात दिसते. मुंबई इलाख्यात १८३६ पासून इंदापूर तालुक्यातून रयतवारी मोजणी रुजली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि सरकारचा थेट संबंध खातेदाराशी जोडला गेला. नागपूरचा रस्ता निराळा होता. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि इथल्या जमाबंदीत गावाच्या महसुलाची जबाबदारी आणि मालकी मालगुजाराकडे गेली. शेताची ओळख खसरा क्रमांकाने ठरली आणि नोंद ठेवणारा पटवारी झाला. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेली अधिकार अभिलेख पंजी ही आजही विदर्भातल्या जुन्या जमिनीचा माग काढताना पाहिली जाते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाल्यावर गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे आपला सातबारा, साऱ्या राज्याचा एक झाला. नमुना मुंबईकडचा आला, क्रमांक मात्र मध्य प्रांताचे राहिले. पुण्याकडचा माणूस सर्व्हे नंबर विचारतो आणि नागपूरचा खसरा सांगतो, तो बोलीतला फरक नव्हे. दोन राज्यव्यवस्थांचा वारसा त्या एका शब्दात आहे. शहरातल्या सरकारी जमिनीला नझूल म्हणणे आणि ती बहुधा तीस वर्षांच्या पट्ट्याने देणे, हाही त्याच वारशाचा भाग.

या शेतजमिनीवर शहर चढले तेव्हा तिसरा थर आला. प्रताप नगरच्या आसपासच्या जुन्या विक्रीपत्रांत खामला, भामटी, जयताळा अशी मौजांची नावे येतात. आज जिथे चौक, शाळा आणि दवाखाने आहेत तिथे कागदावर अजून शेत आहे. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने उभा राहिला आणि शहराच्या विस्ताराचे बरेचसे काम त्याच्याकडे गेले. पण वाढत्या नोकरदार वर्गाची घराची भूक प्रन्यासाच्या योजनांपेक्षा मोठी होती. गृहनिर्माण संस्थांनी आणि खासगी विकासकांनी शेतकऱ्यांकडून जमीन घेतली, कागदावर ले-आउट पाडला आणि प्लॉट विकले. यातले किती ले-आउट मंजूर होते आणि किती नव्हते, हा नागपूरच्या घरांचा मोठा प्रश्न आहे. अनधिकृत ले-आउटचे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. शहरात प्लॉट दाखवताना ‘एनएटीपी आहे, आर.एल. आहे’ असे जे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की अकृषिक परवानगी, नगररचना विभागाची मंजुरी आणि प्रन्यासाचे पत्र या तीन पायऱ्या झालेल्या आहेत. एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. प्लॉट क्रमांक हा महसूल खात्याने दिलेला क्रमांक नाही, तो ले-आउटच्या नकाशातला आहे. नकाशा कोणत्या संस्थेचा, कोणत्या खसऱ्यावरचा आणि कोणी मंजूर केलेला, हे माहीत नसेल तर ‘प्लॉट नंबर १७’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. एकाच मौजात चार संस्थांचे चार ले-आउट असले तर प्लॉट नंबर १७ देखील चार असू शकतात.

आता मालमत्ता कराकडे येऊ, कारण सर्वसाधारण घरमालकाचा दरवर्षी संबंध येतो तो याच कागदाशी. नागपूर महानगरपालिका १९५१ साली अस्तित्वात आली. तिचा स्वतःचा १९४८ चा कायदा होता. २०१२ पासून तिला राज्यातल्या इतर महापालिकांचा, म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला. शहर दहा झोनमध्ये वाटलेले आहे आणि प्रताप नगर लक्ष्मी नगर झोनमध्ये येते. कराची रचना दिसते तितकी गूढ नाही. पारंपरिक पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज बांधतात. त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करतात. जे उरते ते करयोग्य मूल्य. समजा महिन्याचे वाजवी भाडे दहा हजार धरले, तर वर्षाचे एक लाख वीस हजार, आणि करयोग्य मूल्य एक लाख आठ हजार. या मूल्यावर सामान्य कर, पाणी आणि मलनिःसारणाचे कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष अशा बाबी टक्क्यांनी बसतात. शिक्षण कर राज्य सरकारचा असतो, महापालिका तो फक्त गोळा करते. रोजगार हमी कर बिगर-निवासी वापरावर लागतो. म्हणून बिल अचानक वाढले की सर्वांत आधी तीन गोष्टी पाहाव्यात: क्षेत्रफळ किती धरले, वापर निवासी लिहिला की व्यावसायिक, आणि स्वतः राहतो की भाडेकरू आहे याची नोंद काय. बिलातली बाकीची आकडेमोड बहुतांशी या तीन नोंदींवर उभी असते. त्या चुकल्या असतील तर मूल्यांकनाची नोटीस आल्यावर मुदतीत लेखी हरकत घेण्याची सोय कायद्यात आहे, आणि त्यापुढे न्यायालयात अपिलाचीही. मुदत गेली की मात्र चूक पक्की होत जाते, आणि न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते.

मालमत्ता कराचा प्रश्न एवढाच आहे: या वास्तूवर किती कर आणि तो कोणाकडून वसूल करायचा? ही वास्तू कोणाची, हा त्याचा प्रश्नच नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये मिळतो. बेकायदा बांधकामावर कराखेरीज दंडही आकारण्याची तरतूद तिथे आहे, आणि असा कर व दंड घेतला म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही तिथेच सांगितलेले आहे. म्हणजे महापालिका ज्या घराला अनधिकृत मानते त्याचाही कर घेते, पावतीही देते. ‘वीस वर्षे टॅक्स भरतो आहे’ हे वाक्य घराच्या मालकीसाठी किंवा मंजुरीसाठी पुरावा म्हणून पुढे करणारे या एका कलमापाशी अडतात. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. मालमत्ता कराचा बोजा वास्तूवर असतो. आधीच्या मालकाने पाच वर्षे कर बुडवला असेल तर घर विकत घेणाऱ्याला तो प्रश्न घरासोबत मिळतो. म्हणून कराची पावती मालकी सिद्ध करत नसली तरी थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. शिवाय हस्तांतरणाची सूचना महापालिकेला तीन महिन्यांत द्यायची असते. ती न दिल्यामुळे कितीतरी घरांची बिले गेलेल्या माणसांच्या नावाने येत राहतात, आणि वारसांना ते कळते ते घर विकायची वेळ आल्यावर.

महसुली नोंदींचा प्रश्न याहून जुना: जमिनीचा सारा कोण देतो आणि ती कोणाच्या ताब्यात आहे? सातबारा, आठ-अ आणि फेरफार या तिन्ही नोंदी त्याच प्रश्नातून आल्या. हक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचे, तलाठ्याने फेरफार नोंदवायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे, हा संहितेच्या कलम १४९ आणि १५० चा क्रम आहे. शहराच्या हद्दीत नगर भूमापन झाले की सातबाऱ्याची जागा मालमत्ता पत्रकाने घ्यावी अशी रचना आहे; नागपुरात त्यालाच आखीव पत्रिका म्हणतात. या कागदांचे वजन किती? दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी सातबाऱ्यालाच मालकीहक्क समजतो, तर कोणी फेरफार म्हणजे नुसता कागद म्हणून झटकून टाकतो. दोन्ही चूक आहेत. संहितेचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे ती खोटी आहे हे दाखवण्याचे ओझे आव्हान देणाऱ्यावर पडते, आणि हा लहान फायदा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून २०२१ च्या जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालापर्यंत पुन्हा पुन्हा सांगितले आहे की फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. ती महसुलाच्या सोयीसाठी असते. नोंद ही मालकीची सावली आहे. सावलीवरून माणूस कुठे उभा असावा याचा अंदाज येतो, पण सावली म्हणजे माणूस नव्हे.

मग मालकी कुठे असते? ती नोंदणीकृत दस्तांच्या साखळीत असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि १९०८ चा नोंदणी कायदा त्या दस्ताची नोंद ठेवतो. सूची क्रमांक दोन हा त्या दस्ताचा सारांश. नागपुरात एके काळी पुष्कळ प्लॉट इसारपत्र आणि आममुखत्यारपत्रावर हातोहात फिरले. २०११ साली सुरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे व्यवहार म्हणजे विक्री नव्हे, हे निःसंदिग्ध सांगितले. तरी दस्तालाही मर्यादा आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. ज्याचा प्लॉट नाही त्यानेही विक्रीपत्र नोंदवले तर कागद नोंदणीकृत होतो, मालकी मात्र कोणाचीच बदलत नाही. म्हणून एका दस्तावर थांबता येत नाही. मागचा दस्त, त्याच्या मागचा दस्त, असे शेतकऱ्याच्या मूळ नावापर्यंत, शक्य तर अधिकार अभिलेख पंजीपर्यंत जावे लागते. आपल्याकडे जमिनीच्या मालकीचा एकही अंतिम कागद नाही. बाकीचे सारे या एका वस्तुस्थितीतून निघते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आता हे सारे संगणकावर आले, जुना गोंधळ संपत आला आहे. प्रगती झाली, यात वाद नाही. महाभूलेखवर सातबारा पाहता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत तो घरबसल्या निघतो. आपली चावडीवर फेरफाराची नोटीस दिसते, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन शोधता येते, महापालिकेच्या संकेतस्थळावर इंडेक्स नंबर टाकला की कराचे बिल समोर येते. पण प्रत्येक खिडकीची किल्ली वेगळी आहे. महाभूलेख खसरा क्रमांक मागते, आखीव पत्रिका सिटी सर्व्हे नंबर मागते, महापालिका इंडेक्स नंबर मागते, आणि ई-सर्चवर त्या काळी दस्तात मिळकतीचे वर्णन जसे लिहिले असेल तसेच शोधावे लागते. पूर्वी चार कार्यालयांत फिरावे लागे, आता चार संकेतस्थळांवर फिरावे लागते. हेलपाटे वाचले, हे मोठेच काम झाले. जोड मात्र अजून घरमालकानेच लावायची आहे. घरबसल्या मिळणारा उतारा झटकन मिळतो म्हणून तो अधिक खरा वाटतो, हा त्यातला नवा धोका आहे. वहीत जी चूक होती तीच चूक पडद्यावर स्वच्छ अक्षरात दिसते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. मालकी तपासणे हे वकिलाचे काम. सर्च रिपोर्ट काढून घ्यावा, सामान्य माणसाने या फंदात पडू नये. वकिलाची गरज मी नाकारत नाही. पण वकील तपासतो ते त्याच्यासमोर ठेवलेल्या क्रमांकांवरून. खसरा चुकीचा दिला तर शोध नीट होतो आणि निष्कर्ष दुसऱ्याच जमिनीचा निघतो. शिवाय सर्च रिपोर्ट हा खरेदीच्या वेळचा उपाय आहे. वारसाची नोंद, भावांमधली वाटणी, कराची हरकत, नझूल किंवा प्रन्यासाच्या पट्ट्याचे नूतनीकरण हे प्रसंग खरेदी-विक्रीशिवायही येतात, आणि ते बहुधा ज्यांना वकिलाचा खर्च जड जातो त्यांच्याच दारात येतात. याच चर्चेत आणखी एक मत मांडले जाते: सरकारने मालकीची हमीच द्यावी, म्हणजे प्रश्न मिटेल. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली तशी पद्धत आणली आणि ती जगात अनेक ठिकाणी गेली. आपल्यालाही तिकडे जावे लागेल. पण हमी द्यायची तर आधी कोणत्या तुकड्याची हमी, हे ठरले पाहिजे. चार क्रमांक एका तुकड्याशी न जुळवता दिलेली हमी म्हणजे जुना गोंधळ सरकारी शिक्क्याने कायम करणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या १५२ नागरी स्थानिक संस्थांमध्ये ‘नक्शा’ हा शहरी भूमापनाचा कार्यक्रम सुरू केला. मोजणी अचूक होणे चांगलेच; पण नवी मोजणी जुन्या चार क्रमांकांशी बांधली नाही, तर घरमालकाच्या फाइलमध्ये पाचवा क्रमांक येईल एवढेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कराची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे इतके ठासून सांगितले तर झोपडपट्टीत राहणाऱ्याच्या हातातला एकमेव कागदही आपण निरर्थक ठरवतो का? नाही. त्याच्या बाबतीत प्रश्नच दुसरा असतो: तो माणूस अमुक तारखेपूर्वीपासून तिथे राहत होता का? महाराष्ट्रात झोपडीच्या संरक्षणासाठी १ जानेवारी २००० ही तारीख कायद्यात आली, आणि त्या तारखेपूर्वीचे वास्तव्य दाखवायला घरटॅक्सची पावती, विजेचे बिल, मतदार यादीतले नाव हे पुरावे खरोखर उपयोगी पडतात. तीच पावती, प्रश्न बदलला की तिचे मोलही बदलते. पावती कमी दर्जाची नाही. ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न ओळखला की तिचा पूर्ण उपयोग होतो. नोंदी जोडल्या तर लोकांची खासगी माहिती उघडी पडेल, ही भीतीही याच अंगाने तपासता येते. मी जोड मागतो आहे ती जमिनीच्या क्रमांकांची. माणसाचा आधार, फोन किंवा व्यवहाराची रक्कम त्यासाठी लागत नाही.

म्हणून घरमालकाने आधी आपला तक्ता आपण करावा. एका कागदावर मौजा, पटवारी हलका, खसरा, संस्थेचे नाव, ले-आउट मंजुरीचा क्रमांक, प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर आणि इंडेक्स नंबर एकाखाली एक लिहावेत, आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या दस्तावरून घेतला ते नोंदवावे. मग नाव, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा या तीन गोष्टी सर्व कागदांवर जुळतात का ते पाहावे. चौरस फूट आणि चौरस मीटर यांच्या घोळातूनही तफावत दिसते, ती आधी बाजूला काढावी. पूर्व-पश्चिमेच्या चतुःसीमेकडे लोक दुर्लक्ष करतात, पण क्रमांक चुकला तरी शेजारी सहसा चुकत नाही. एखाद्या ओळीत जागा रिकामी राहिली तर नेमके तेवढेच संबंधित कार्यालयाकडे मागता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. पण दोन्ही वापरायचे तर काय मागायचे हे कळले पाहिजे, आणि ते या रिकाम्या जागेमुळेच कळते.

मात्र हा तक्ता लाखो घरमालकांनी आपापल्या वहीत करत बसावे, हे काही शहाणपणाचे नाही. महापालिका दरवर्षी प्रत्येक घराला बिल पाठवते. सातबारा कोणाच्या दारात आपणहून येत नाही, आखीव पत्रिका येत नाही, ले-आउटचा नकाशाही येत नाही. घरटॅक्सचे बिल तेवढे न मागता येते. त्या बिलावर इंडेक्स नंबरच्या खाली आणखी एक ओळ छापावी: मौजा, खसरा, प्लॉट, सिटी सर्व्हे नंबर, आणि यातले जे माहीत नसेल तिथे स्पष्ट शब्दांत ‘नोंद उपलब्ध नाही’. पहिल्या वर्षी निम्म्या ओळी अपुऱ्या निघाल्या तरी चालतील. ज्याच्या घराची ओळ आहे तो ती वाचेल, चूक दाखवेल आणि दस्त घेऊन झोन कार्यालयात येईल. या ओळीने कोणाची मालकी सिद्ध होणार नाही, आणि तसे तिच्याखाली छापूनही ठेवावे. पण दीडशे वर्षांत वेगवेगळ्या राजवटींनी एकाच जमिनीला दिलेली नावे प्रताप नगरातल्या घरमालकाला प्रथमच एका कागदावर शेजारी शेजारी दिसतील.